छोट्या व्यापाऱ्याचे ॲप: खर्चाच्या अंदाजाचा इतिहास

छोट्या व्यापाऱ्याने स्वतःच्या धंद्यासाठी मोबाइल ॲप बनवून घेणे आणि त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढणे, ही भारतातील व्यापारात जेमतेम पंधरा वर्षांची रीत आहे. एवढ्या थोड्या काळात या खर्चाची जातच बदलली. सुरुवातीला ॲप म्हणजे एकदाच विकत घ्यायची वस्तू मानली जात असे: ऑर्डर द्यायची, दोन-तीन हप्त्यांत पैसे फेडायचे, माल ताब्यात घ्यायचा. पुढे बांधणीचा भाव उतरत गेला आणि ॲप चालते ठेवण्याचा खर्च चढत गेला. अंदाजपत्रके मात्र बराच काळ फक्त बांधणीचीच होत राहिली. दुकानदारांची ॲप्स बंद का पडली, याचे उत्तर बहुतेक वेळा या तफावतीत सापडते.

सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत असते हीच कल्पना तशी अलीकडची. आयबीएम या अमेरिकी कंपनीने जून १९६९ मध्ये यंत्र आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले. त्याआधी प्रोग्रॅम यंत्राबरोबरच मिळत असत. छोट्या धंद्यापर्यंत ही गोष्ट पोहोचायला पर्सनल कॉम्प्युटर यावा लागला. भारतात १९८६ साली बेंगळुरूत प्युट्रॉनिक्स ही कंपनी सुरू झाली आणि तिचे हिशेबाचे ‘टॅली’ पुढे देशभरच्या दुकानांत व कर सल्लागारांच्या कार्यालयांत जाऊन बसले. टॅलीच्या जोडीला गावोगावचे प्रोग्रॅमर डीबेस, फॉक्सप्रो आणि नंतर व्हिज्युअल बेसिक वापरून औषध दुकान, सराफी पेढी, अडत, पतसंस्था यांच्यासाठी बेतून बिलिंगचे प्रोग्रॅम लिहून देऊ लागले.

या व्यवहारात एक पद्धत पक्की झाली. प्रोग्रॅमची रक्कम एकदाच घ्यायची आणि पुढे दरवर्षी ‘एएमसी’, म्हणजे देखभालीचा करार, मूळ रकमेच्या साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी लावायचा. दुकानदार एएमसीवर घासाघीस करी आणि बरेचदा ती घेतच नसे. त्यात मोठे नुकसानही नव्हते. कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर बदलला नाही तर त्यावरचा प्रोग्रॅम दहा वर्षे जसाच्या तसा चाले. फार तर कराचा दर बदलला की प्रोग्रॅमरला बोलवावे लागे. एकदा पैसे मोजले की विषय संपला, हा हिशेब या अनुभवातून आला होता आणि त्या काळापुरता तो बरोबर होता. ॲपच्या बाबतीतही तोच हिशेब लावला गेला, तिथे मात्र तो फसला.

सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अंदाज चुकतो, हे जाणकारांना फार आधीपासून ठाऊक होते. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात, रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली की ते आणखीच रखडते, असे दाखवून दिले. आयबीएमच्याच ॲलन अल्ब्रेख्ट यांनी १९७९ मध्ये प्रोग्रॅम काय काय करतो ते मोजून त्याचा आकार ठरवण्याची पद्धत मांडली. बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये ‘कोकोमो’ हे गणिती सूत्र दिले. बोहम यांचे एक निरीक्षण इथे विशेष लागू पडते: काम नुसते कल्पनेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या पाव पट ते चौपट यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. हे सारे शास्त्र बड्या संस्थांच्या कामी आले. बाजारपेठेतल्या व्यवहारात मोजमापाचे एकक होते स्क्रीन. ‘किती स्क्रीन आहेत?’ हा डेव्हलपरचा पहिला प्रश्न असे आणि त्या आकड्याला दराने गुणून कोटेशन तयार होई. दिसणारी स्क्रीन मोजली जाई. तिच्यामागे साठा, हिशेब, परतावा आणि रद्द झालेल्या ऑर्डरी यांची जी गुंतागुंत असते, ती मोजायची राहून जाई.

ॲप स्टोअर येण्याआधी छोट्या धंद्याचा मोबाइलवरचा खर्च म्हणजे घाऊक एसएमएस. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, दवाखान्याची वेळ हे सगळे काही पैशांत एक या दराने हजारो नंबरांवर जात असे. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नकोशा संदेशांना आळा घालण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि ती पुढे २०० केली. साध्या सिमवरून चालणारी फुकटची जाहिरात तेव्हा आटोपली. फोनवर चालणारे प्रोग्रॅम होते, पण ते नोकियासारख्या फोनवरचे जावा प्रोग्रॅम. १२८ बाय १६०, १७६ बाय २२०, २४० बाय ३२० अशा प्रत्येक पडद्यासाठी वेगळी जुळणी करावी लागे. ग्राहकापर्यंत पोहोचायचे तर मोबाइल कंपनीच्या दारातून जावे लागे आणि उत्पन्नातला मोठा वाटा तीच ठेवी. खेळ आणि रिंगटोन विकणाऱ्यांना ते परवडले; किराणा दुकानदाराचा त्यात काही संबंध नव्हता.

१० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्ससह उघडले. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गुगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले; मार्च २०१२ मध्ये त्याचे नाव गुगल प्ले झाले. ॲपलने डेव्हलपरकडून वर्षाला ९९ डॉलर आणि विक्रीवर ३० टक्के कमिशन ठरवले. गुगलने नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर. दोघांच्या या दोन रकमांमध्ये पुढच्या सगळ्या अंदाजपत्रकांचे बीज होते: एक दर वर्षी द्यायची, दुसरी एकदाच. शिवाय दोन्ही डॉलरमध्ये. २००८ च्या जुलैत डॉलर सुमारे ४३ रुपयांना होता, म्हणजे ९९ डॉलरचे सव्वाचार हजार रुपये होत. २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या पुढे गेला आणि तीच ९९ डॉलरची रक्कम सव्वाआठ हजारांवर पोहोचली. ॲपलने अमेरिकेतला दर वाढवला नाही, तरी इथे तो जवळजवळ दुप्पट झाला. सर्व्हर, नकाशे, ईमेल पाठवण्याच्या सेवा यांची बिले डॉलरमध्येच येत असल्याने रुपयाची घसरण ॲपच्या खर्चात गुपचूप शिरत राहिली.

कमिशनबद्दल मात्र एक गैरसमज फार पसरला. ॲपमधून मिठाई, कपडे, हार्डवेअर अशा प्रत्यक्ष वस्तू विकल्या किंवा प्लंबर, पार्लर अशी प्रत्यक्ष सेवा दिली, तर या स्टोअरचे कमिशन लागत नाही. ते लागते फोनवरच वापरायच्या मालावर, जसे ऑनलाइन क्लासचे व्हिडिओ. अनेक दुकानदार या कमिशनच्या धास्तीने मागे हटले आणि अनेक क्लासचालक त्याचा विचार न करताच पुढे गेले.

आयफोन भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी आला. त्याची किंमत होती ३१,००० रुपयांपासून पुढे. ज्याच्या ग्राहकांकडे असला फोनच नाही त्याने ॲप कशाला करावे, हा प्रश्न पुढची तीन-चार वर्षे रास्त होता. स्वस्त अँड्रॉइड फोन २०१२ च्या सुमारास बाजारात भरले, तेव्हा वेगळाच घोळ झाला. अँड्रॉइड, आयफोन, ब्लॅकबेरी, सिम्बियन आणि विंडोज फोन असे पाच कारभार एकाच वेळी चालू होते आणि प्रत्येकासाठी वेगळ्या भाषेत वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. ज्यांनी ‘सगळ्या फोनवर चालले पाहिजे’ म्हणून खर्च केला त्यांचे निम्मे पैसे बुडाले. नोकियाचा मोबाइल धंदा एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, ब्लॅकबेरी बाजारातून हटला, आणि काही वर्षांत विंडोज फोनही संपला. वेब पानालाच ॲपचे वेष्टण चढवून एकाच खर्चात सगळीकडे पोहोचवणारे ‘फोनगॅप’ २००९ पासून होते. त्याने पैसे वाचले, पण तेव्हाच्या अशक्त फोनवर अशी ॲप्स अडखळत चालत. स्वस्त आणि मस्त यांतले एकच निवडायचे असे ते दिवस होते.

२०१४ ते २०१७ या काळात ॲपचा ज्वर चढला. उबर २०१३ मध्ये भारतात आली होती, ओला शहराशहरांत पसरत होती. मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर विक्री करण्याचा प्रयोग केला. जून २०१६ मध्ये तिला संगणकावरची वेबसाइट पुन्हा सुरू करावी लागली. पण हा दुसरा भाग पहिल्याइतका गाजला नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि फोनवरून पैसे देण्याची सवय लोकांना नाइलाजाने लागली. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाले होते. डिसेंबरअखेर भीम ॲप आले. वर्षभरात एवढे सगळे घडल्यावर लॉन्ड्रीवाला, दूधवाला, टूर कंपनी, मंगल कार्यालय अशा सगळ्यांनाच आपलेही ॲप हवे असे वाटू लागले. पुण्यातल्या बाणेर-कोथरूडच्या आणि नाशिक-नागपूरच्या दोन-चार जणांच्या डेव्हलपर फर्मकडे येणारी मागणी एका वाक्यात असे: ‘ओलासारखे ॲप करून द्या.’ ओलासारखे म्हणजे तीन ॲप्स (ग्राहकाचे, चालकाचे, कार्यालयाचे), नकाशा, भाडे मोजण्याचा हिशेब आणि वर्षानुवर्षे राबणारी मोठी टीम. एवढ्या मागणीवर लाख-दीड लाखाचे कोटेशन देणारे लोक होते आणि ते घेणारेही होते.

त्या काळातले एक कोटेशन डोळ्यांसमोर आणले तर खर्चाचा अंदाज कसा केला जाई ते कळते. वर लेटरहेड, खाली तक्ता: डिझाइन, अँड्रॉइड ॲप, आयओएस ॲप, ॲडमिन पॅनल, टेस्टिंग, स्टोअरवर चढवणे. प्रत्येकापुढे दिवस आणि रक्कम. मग अटी: ४० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के डेमो दाखवल्यावर, ३० टक्के काम हाती देताना, तीन महिने फुकट दुरुस्ती. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असे: डोमेन, होस्टिंग, एसएमएस, पेमेंट गेटवे आणि स्टोअरचे शुल्क ग्राहकाकडे, कर वेगळा. घासाघीस होई ती वरच्या तक्त्यावर. तीस-चाळीस हजार कमी करून घेतल्याचे समाधान मिळे, आणि पुढची पाच वर्षे ज्यावर पैसे जाणार ती ओळ न वाचताच सही होई.

‘कर वेगळा’ या दोन शब्दांचे वजनही बदलत गेले. जून २०१६ पासून सेवा कर उपकरांसह १५ टक्के होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दर १८ टक्के झाला. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला हा कर वजावटीत परत मिळतो, म्हणून त्याला झळ नाही. पण छोट्यांतले बरेच जण कंपोझिशन योजनेत असतात. तिथे दर कमी आणि कागदपत्रे थोडी, पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही. अशा दुकानदाराने ४ लाखांचे ॲप घेतले तर ७२,००० रुपये सरळ खिशातून गेले. ज्या नोंदणी नसलेल्या धंद्यांनी फ्रीलान्सरकडून करविरहित काम करून घेतले, त्यांनी हा खर्च टाळला. पावती आणि करारही त्याबरोबर टाळले गेले.

दुकानाच्या आत होणारा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नसे. हजारभर वस्तूंचे फोटो काढायचे, वजन-माप आणि भाव भरायचे, मराठीत नावे टाइप करायची, संपलेला माल रोज खुणवायचा. हे काम दुकानातल्याच कुणा पोराच्या गळ्यात पडे. मराठीची तर वेगळी कसरत होती. जुन्या अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरे मोडत, वेलांट्या भलत्या जागी उमटत. त्यामुळे डेव्हलपर चित्र करून मजकूर डकवत किंवा ॲप इंग्रजीतच ठेवत. ॲप तयार झाल्यावर ते लोकांनी उतरवून घ्यावे म्हणून जाहिरात, पत्रके, पहिल्या ऑर्डरवर सूट, हे सगळे नंतर सुचे आणि तोवर ठरवलेली रक्कम संपलेली असे.

खरा धडा मात्र बाहेरून आला. ॲप पूर्ण झाले, चालू आहे, कुणी त्याला हात लावलेला नाही, तरी ते एक दिवस बंद पडते, हा अनुभव फॉक्सप्रोच्या जमान्यातल्या माणसाला समजणे अवघड होते. ‘पार्स’ नावाची सेवा लहान ॲप्सचा डेटा साठवण्यासाठी फार सोयीची आणि बरीचशी फुकट होती. फेसबुकने ती २०१३ मध्ये विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले आणि वर्षभराने ती बंद झाली. त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक ॲपच्या मालकाला डेटा दुसरीकडे हलवण्याचा खर्च करावा लागला. हा खर्च कुणाच्याही कोटेशनमध्ये नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनची नवी प्रणाली आली आणि ३२-बिट पद्धतीने बांधलेली जुनी ॲप्स उघडेनाशी झाली. गुगलने २०१८ च्या ऑगस्टपासून नव्या ॲपसाठी आणि नोव्हेंबरपासून जुन्या ॲपच्या सुधारित आवृत्तीसाठी, ते अलीकडच्या अँड्रॉइडला अनुसरून बांधलेले असले पाहिजे अशी अट घातली. ही अट तेव्हापासून दरवर्षी पुढे सरकते. फार जुनी राहिलेली ॲप्स नव्या फोनवर स्टोअरमध्ये दिसतही नाहीत.

नकाशाचे प्रकरण आणखी बोलके आहे. गुगल मॅप्सची मोफत मर्यादा छोट्या धंद्याला पुरून उरे इतकी मोठी होती. नुसता पत्ता शोधण्याच्या सोयीतच दिवसाला २,५०० विनंत्या फुकट होत्या. जुलै २०१८ पासून पद्धत बदलली. प्रत्येकाला क्रेडिट कार्ड जोडलेले खाते काढावे लागले, महिन्याला २०० डॉलरची सूट मिळाली आणि त्यापुढे मीटर सुरू झाले. फोनवरच्या ॲपमध्ये नकाशा दाखवणे फुकटच राहिले. पैसे पडू लागले ते पत्ता शोधणे, रस्ता आखणे, अंतर मोजणे याचे. बहुतेक छोटी दुकाने २०० डॉलरच्या आतच राहिली, पण ज्यांचे कार्ड जोडलेले नव्हते त्यांच्या सोयी बंद पडल्या. ऑगस्ट २०२४ पासून भारतापुरते दर ७० टक्क्यांपर्यंत उतरले. त्याच सुमारास ओलाने स्वतःचे नकाशे स्वस्तात देऊ केले होते. डेव्हलपरला काही न विचारता एका वर्षी वाढलेला आणि दुसऱ्या वर्षी उतरलेला हा खर्च, म्हणजे ॲपच्या अंदाजपत्रकात ‘किरकोळ’ नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही याचा दाखला.

मालकी कुणाची, हा प्रश्नही याच वर्षांत पैशात उतरला. बऱ्याच दुकानदारांची ॲप्स डेव्हलपरच्याच स्टोअर खात्यावर चढवलेली होती. वाद झाला, डेव्हलपरने धंदा बदलला किंवा फोन उचलेनासा झाला, की ॲप त्याच्याबरोबरच जाई. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने नियम सुधारून, साच्यातून बनवलेली ॲप्स त्या त्या व्यवसायाने स्वतःच्याच खात्यावरून सादर करावीत असे सांगितले. एका फर्मने शंभर दुकानांची शंभर ॲप्स आपल्या नावावर चढवण्याचा प्रकार त्याने रोखला. कायद्याची बाजू त्याहून जुनी आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पगारी नोकराने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क मालकाकडे जातो; बाहेरच्या डेव्हलपरने लिहिलेल्याचा हक्क मात्र लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्याच्याकडेच राहतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. ‘मी पैसे दिले म्हणजे कोड माझा’ ही समजूत चुकीची ठरते ती इथे. जाणत्या व्यापाऱ्यांनी नंतर शेवटचा हप्ता सोर्स कोड आणि सगळे पासवर्ड हाती आल्यावरच देण्याची अट घालायला सुरुवात केली.

दरम्यान बांधणी स्वस्त होत होती. फेसबुकने मार्च २०१५ मध्ये ‘रिॲक्ट नेटिव्ह’ सर्वांसाठी खुले केले आणि गुगलच्या ‘फ्लटर’ची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. एकच कोड दोन्ही फोनवर नीट चालू लागला आणि कोटेशनमधल्या अँड्रॉइड व आयओएस या दोन ओळींची एक ओळ झाली. लॉगिन, साठवण, सूचना अशा गोष्टी गुगलच्या ‘फायरबेस’वर थोड्या वापरापर्यंत फुकट मिळत. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत सर्व्हर केंद्र उघडले होते. महिन्याच्या भाड्याने, लागेल तेवढाच सर्व्हर घेता येऊ लागला.

एक नमुना हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. समजा ३ लाखांचे ॲप केले आणि वजावट न मिळणाऱ्या दुकानदाराने १८ टक्के कर भरला, तर बांधणीचा खर्च ३,५४,००० रुपये. पहिले वर्ष देखभाल सोडून दिली आणि पुढची चार वर्षे १५ टक्के एएमसी करासह धरली, तर २,१२,४०० रुपये. सर्व्हर महिना २,००० रुपयांनी पाच वर्षांचे १,२०,०००. ॲपलचे शुल्क वर्षाला साडेआठ हजारांनी ४२,५००. ओटीपीचे एसएमएस महिना ३०० रुपयांनी १८,०००. चालवण्याची बेरीज ३,९२,९०० होते, म्हणजे बांधणीपेक्षा जास्त. यात नवे फीचर एकही नाही आणि जाहिरातीचा रुपयाही नाही.

हिशेबनीसांनी या खर्चाकडे आपल्या पद्धतीने पाहिले. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर आयकरात ६० टक्के घसारा मिळत असे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून तो ४० टक्क्यांवर आला. सर्व्हरचे भाडे आणि वर्गणी मात्र त्याच वर्षाच्या नफ्यातून पूर्ण वजा होते. ॲप विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्यावे, याकडे कल झुकायला हेही एक कारण झाले.

भाड्याचा पर्याय २०१८ नंतर वेगाने पुढे आला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस फुकट मिळू लागले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात वस्तूंचा कॅटलॉग आला. गल्लीतल्या किराणा दुकानाला स्वतःच्या ॲपमधून जे हवे होते, म्हणजे यादी येणे, फोटो पाठवणे आणि पैसे आल्याचे कळणे, ते यातच भागले. उधारीच्या वहीची जागा ओकेक्रेडिट आणि खाताबुक या ॲप्सनी घेतली. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर काही मिनिटांत ऑनलाइन दुकान उघडून देणारे ‘दुकान’ जूनमध्ये निघाले. शॉपिफायसारख्या सेवा महिन्याच्या वर्गणीवर होत्याच. लाखो रुपयांच्या एकरकमी खर्चाऐवजी महिन्याला काहीशे ते काही हजार रुपये असा हा सौदा होता. त्यात दुकानाचे नाव आणि रंग आपले, बाकी सारे दुसऱ्याचे.

खानावळी आणि हॉटेलांचा हिशेब वेगळा होता. त्यांना झोमॅटो-स्विगीला ऑर्डरमागे कमिशन द्यावे लागे. ऑगस्ट २०१९ मध्ये हॉटेलचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने सवलतींच्या सक्तीविरुद्ध ‘लॉगआउट’ मोहीम पुकारली, तेव्हा स्वतःच्या ॲपची चर्चा जोरात झाली. महिन्याला ४ लाखांच्या ऑर्डरी आणि २० टक्के कमिशन धरले तर ८०,००० रुपये जातात. त्या तुलनेत ॲपचा खर्च किरकोळ वाटतो. पण ग्राहक आणून देण्याचे आणि डबा पोहोचवण्याचे काम त्या कमिशनमध्ये होते, ते आता हॉटेलच्या अंगावर आले. जुने बांधलेले गिऱ्हाईक असलेल्या मिठाईवाल्यांना आणि डबेवाल्या खानावळींना ॲप फळले. नव्या हॉटेलांना फारसे नाही. कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेले ऑनलाइन विक्रीचे जाळे उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. तीत दुकानदाराला स्वतःचे ॲप लागतच नाही.

पैसे घेण्याच्या आणि संदेश पाठवण्याच्या खर्चातही उलथापालथ झाली. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले; इतर कार्डांवर गेटवेचे साधारण दोन टक्के चालूच राहिले. एसएमएससाठी प्रत्येक व्यवसायाची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी सक्तीची झाली. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी लागू होताच बँकांपासून सगळ्यांचे ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामकाला ती आठवडाभर स्थगित ठेवावी लागली. तोवर ‘एसएमएस पॅक’ एवढाच शब्द कोटेशनमध्ये असे; त्यापुढे नोंदणीचे शुल्क आणि ती करून देणाऱ्याची फी अशा दोन ओळी वाढल्या. स्टोअरचे कमिशनही याच वर्षी उतरले: जानेवारी २०२१ पासून ॲपलने आणि जुलैपासून गुगलने वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ते १५ टक्के केले. त्याचा लाभ क्लास, योगवर्ग आणि दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्या विकणाऱ्यांना झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि कोड लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती पडली. साध्या ॲपचा पहिला आराखडा आठवड्यांऐवजी दिवसांत उभा राहू लागला आणि बांधणीचे भाव आणखी खाली आले. स्टोअरची दारे मात्र त्याच काळात अरुंद झाली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गुगलने, ॲप प्रसिद्ध करण्याआधी २० माणसांकडून सलग १४ दिवस वापरून घेण्याची अट घातली; डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा १२ वर आणला. चार दिवसांत बनलेल्या ॲपला बाजारात यायला त्यामुळे महिनाभर लागू शकतो.

सर्वांत नवा खर्च कायद्याचा आहे. ग्राहकाचे नाव, नंबर, पत्ता आणि खरेदीचा इतिहास साठवणाऱ्या प्रत्येकावर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ जबाबदारी टाकतो. ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे, मागितल्यास माहिती पुसणे, चोरी झाल्यास कळवणे ही कामे त्यात येतात आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. २०१६ च्या ज्वरात बांधलेली जी ॲप्स अजून चालू आहेत, त्यांतल्या अनेकांत संमतीची स्क्रीन किंवा खाते पुसण्याचे बटण नाही. ते दोन्ही बसवण्याचे काम एएमसीत धरायचे की वेगळे बिल करायचे, यावर डेव्हलपर आणि दुकानदार यांच्यात आता बोलणी होऊ लागली आहेत.